आपदा मित्राचं किट : ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळ्यात किती कामाचं?

स्थानिक स्वयंसेवकांना आपत्तीतलं बचावकार्य शिकवणारी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली. २०२१ पासून ती ३५० जिल्हे आणि एक लाख स्वयंसेवक इतकी वाढवण्यात आली. वय १८ ते ४०, किमान सातवी पास, तब्येत धडधाकट आणि बारा दिवस प्रशिक्षणाला द्यायची तयारी, एवढ्या अटी. प्रशिक्षण पुरं झालं की ओळखपत्र, प्रमाणपत्र, तीन वर्षांचा गट विमा आणि एक किट. किटच्या यादीत लाइफ जॅकेट, सौरऊर्जेवर व विजेवर चार्ज होणारी टॉर्च, हातमोजे, चाकू, प्रथमोपचार पेटी, गॅस लायटर, शिट्टी, पाण्याची बाटली, मच्छरदाणी, गणवेश, रेनकोट, गमबूट, गॉगल आणि हेल्मेट असं सामान येतं.

या किटचं आणि त्याच्यासोबत येणाऱ्या सोयींचं परीक्षण इथे एकाच कसोटीवर केलं आहे. हे सामान घेऊन गेलेला माणूस धडपणे घरी येतो का, आणि पुढच्या जुलैत पुन्हा फोन गेला तर तो ‘निघालो’ म्हणतो का? पथक चालवणाऱ्यांना, मंडळांना आणि स्वतः स्वयंसेवकांना उपयोग व्हावा म्हणून तपशील जरा जास्तच दिला आहे.

आमचं मत आधी सांगतो. यादी विचारपूर्वक केलेली आहे. अडचण अशी की किट एकदा मिळतं, प्रशिक्षण एकदा होतं, विमा एकदा उतरवला जातो, आणि पाऊस मात्र दरवर्षी पडतो. बूट फाटतो, टॉर्चची बॅटरी बसते, पेटीतली पट्टी संपते, विम्याची मुदत सरते. हे वेळेवर कुणी पाहिलं नाही तर बारा दिवसांचं प्रशिक्षण घेतलेला माणूस पाचसहाशे रुपयांच्या बुटापायी हातचा जातो.

इथल्या माणसांची किंमत कळायला नकाशा पाहावा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबरे इथे आहे. पावसाळ्यात दलाच्या तुकड्या मुंबईत आणून ठेवतात, तरी पहिले काही तास गावातल्या, वस्तीतल्या लोकांचेच असतात. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजाराहून अधिक प्रवासी बाहेर काढावे लागले. २७ जुलै २०२४ ला बेलापूरजवळच्या शहाबाज गावात इमारत कोसळली. त्याच वर्षी, त्याआधी २३ मे रोजी डोंबिवली एमआयडीसीत अमुदान कंपनीत स्फोट झाला होता. पूर, ढिगारा, रसायन, तिन्ही एकाच जिल्ह्याच्या आसपास आणि तिन्हींना पिशवी मात्र एकच. परीक्षणातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच आहे.

गमबूट

पहिला नंबर बुटांचा, कारण माणूस घरी बसतो तो बहुधा पायांमुळे.

मापाचा घोळ सर्वांत जास्त. बूट घाऊक येतात, आठ-नऊ नंबरचे भरपूर, पाच-सहाचे थोडे. परिणामी मुलींना आणि लहान चणीच्या मुलांना मोठा बूट घालून चिखलात चालावं लागतं. चिखल बूट धरून ठेवतो, पाय बाहेर येतो, माणूस तोल जाऊन पडतो. किट वाटण्याआधी प्रत्येकाच्या पायाचं माप जाड मोजा घालून घ्यायला हवं. सैल बुटात आतलं सोल घालून काही दिवस भागतं; घट्ट बुटाला काहीच उपाय नाही, तो बदलूनच घ्यावा.

दुसरं, तळवा. साध्या पीव्हीसी बुटाच्या तळव्यातून पडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यातला खिळा किंवा सळीचं टोक सहज आरपार जातं. ढिगाऱ्यावर जाणाऱ्यांना पुढे स्टीलची टोपी आणि तळव्यात स्टीलची पट्टी असलेलेच बूट द्यावेत. वागळे इस्टेट, महापे, तुर्भे भागातल्या औद्योगिक सेफ्टी साहित्याच्या दुकानांत ते मिळतात. दुकानात दोन्ही हातांनी बूट वाकवून पाहा. तळवा जवळजवळ वाकत नसेल तर पट्टी आहे.

तिसरं, पाणी गुडघ्याच्या वर गेलं की गमबूट निरुपयोगी. वरून पाणी शिरतं, पाय जड होतो, प्रवाहात बूट निसटतो. अशा पाण्यात घोट्यापर्यंत येणारा, लेस घट्ट बांधता येणारा कॅनव्हासचा बूट चांगला. किटमध्ये तो नसतो, म्हणून स्वयंसेवकाने स्वतःचा एक जुना जोड कायम पिशवीत ठेवावा. चप्पल किंवा अनवाणी मात्र कधीही नाही.

आणि ओल. बारा तास ओला मोजा घातला की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. पुढच्या वेळी तोच ओला बूट पायात घालायचा म्हटलं की माणूस कारणं शोधू लागतो. पिशवीत मोज्यांचे तीन सुके जोड झिप पाकिटात हवेत. बूट आल्याआल्या धुवावा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, दोन तासांनी बदलावेत, मग उलटा टांगावा. गॅसच्या शेगडीजवळ ठेवला तर पीव्हीसी आकसतं आणि बुटाला चीर जाते. चिखल्या झाल्याच तर बेचकी कोरडी ठेवून क्लोट्रिमॅझोलचं एक टक्क्याचं मलम दिवसातून दोनदा, बरं वाटल्यावरही काही दिवस चालू ठेवायचं. लगेच थांबवलं की त्या परत होतात.

पाण्यात उभ्या राहिलेल्यांसाठी खरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर-घुशींच्या मुतातले जंतू तुंबलेल्या पाण्यातून कापलेल्या, खरचटलेल्या किंवा भिजून मऊ पडलेल्या कातडीवाटे शरीरात जातात. अशा पाण्यातून आलेल्याने ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घ्यायचं का ते ठरवावं. गरोदर बाईने आणि आठ वर्षांखालच्या मुलाने ते परस्पर घ्यायचं नाही. जखम होती की नाही आणि पाण्यात किती वेळा उतरावं लागलं, यावर मात्रा ठरते, म्हणून डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात. लक्षणं बहुधा पाच ते चौदा दिवसांत दिसतात: ताप, पोटऱ्यांत जबर दुखणं, डोळे लाल. पथकप्रमुखाने त्या दिवशी पाण्यात कोण कोण होतं याची यादी करावी आणि सातव्या व चौदाव्या दिवशी प्रत्येकाला फोन करावा. आजार वेळेत पकडला जातोच, शिवाय आपली कुणी विचारपूस करतंय हे माणसाला कळतं. टिकवून ठेवण्याचा याहून स्वस्त उपाय आम्हाला माहीत नाही.

लाइफ जॅकेट

किटमधली सर्वांत मोलाची वस्तू, आणि सर्वांत हेळसांड होणारी. जॅकेटच्या लेबलवर तरंगवण्याच्या ताकदीचा आकडा न्यूटनमध्ये असतो. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला आधार देतं, बेशुद्ध माणसाला उताणं करत नाही. संथ पाण्यासाठीही लाइफ जॅकेट म्हणून १०० न्यूटनचं लागतं, म्हणजे साधारण दहा किलोची उचल. लेबलच नसेल तर ते बचावकार्यात वापरू नका.

फोम दाबला गेला की पुन्हा फुगत नाही. जॅकेटची उशी करणं, त्यावर बसणं, धान्याच्या पोत्यांखाली रचून ठेवणं, या तिन्ही गोष्टींनी त्याची ताकद गुपचूप कमी होते. दरवर्षी मे महिन्यात तरणतलावात छातीइतक्या पाण्यात जॅकेट घालून गुडघे दुमडावेत आणि अंग सैल सोडावं. तोंड पाण्याबाहेर राहिलं पाहिजे आणि खांद्याचा भाग कानांपर्यंत सरकता कामा नये. सरकत असेल तर पट्टे सैल आहेत किंवा माप मोठं आहे. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, मूठ जाऊ नये. मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं जॅकेट मिळालं तर तेच घ्यावं. नसलेल्या जॅकेटला तो शिंप्याकडून शिवून घेऊ नये, जॅकेटचं नुकसान होऊ शकतं.

खाडीत वापरलं तर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. बक्कलमध्ये रेती अडकली की ते लागल्यासारखं वाटतं आणि ताण आला की सुटतं. आणि एक गोष्ट पथकातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवी: साध्या जॅकेटच्या पट्ट्याला दोर बांधून माणूस प्रवाहात सोडायचा नाही. दोर ताणला की प्रवाह माणसाला पाण्याखाली दाबतो आणि गाठ सुटत नाही. झटकन सुटणारा पट्टा असलेली बचावाची जॅकेटं वेगळी असतात, त्यांचं प्रशिक्षणही वेगळं असतं.

हेल्मेटबद्दल थोडक्यात. कारखान्यातलं, पुढे छज्जा असलेलं हेल्मेट ढिगाऱ्यावर उत्तम, प्रवाहात वाईट; पाणी छज्ज्याला धरून मान मागे ओढतं. पाण्यासाठी भोकांचं, छज्जा नसलेलं वेगळं लागतं. दोन्हींना हनुवटीचा पट्टा हवाच. आतल्या बाजूला उत्पादनाचा महिना-वर्ष कोरलेलं असतं ते वाचा, आणि एकदा जोराचा मार बसलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद करा.

टॉर्च सौरऊर्जेवरची आहे हे ऐकायला छान वाटतं. ठाण्यात जुलैमध्ये सलग चार-पाच दिवस ऊन दिसत नाही, त्यामुळे ती विजेवरची टॉर्च आहे असंच समजून चला. कपाटात सहा महिने तशीच ठेवली की बॅटरी पूर्ण उतरून मरते. महिन्यातून एकदा चार्जिंग, ठरावीक तारखेला. हातात टॉर्च म्हणजे एक हात कमी. दोर धरताना, स्ट्रेचर उचलताना दोन्ही हात लागतात. सेलवर चालणारी डोक्याची टॉर्च आणि सुट्या सेलचा एक जादा संच ही आमच्या मते किटमध्ये पहिली भर पडायला हवी. शिट्टी आत गोळी नसलेली घ्या. गोळीची शिट्टी चिखल गेला की मुकी होते.

हातमोजे एकाच प्रकारचे देऊन भागत नाही. ढिगाऱ्याला आणि दोराला चामड्याचे, जखमी माणसाला हात लावताना नायट्राइलचे, म्हणजे दवाखान्यातल्यासारखे पातळ. कुठल्याही साध्या रबरी मोज्याने विजेच्या तारेला हात लावायचा नाही. महावितरणने वीज बंद केल्याचं सांगेपर्यंत लांबच थांबायचं.

यादीत न दिसणारी वस्तू म्हणजे मास्क. पडलेल्या इमारतीतली सिमेंटची धूळ फुप्फुसात जाते आणि तिचा खोकला आठवडाभर राहतो. प्रत्येकामागे चार एन-९५ मास्क ठेवावेत. ओला झाला की बदलायचा. वायूगळतीत मात्र एन-९५ काहीही करत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात किंवा डोंबिवलीत कारखान्यातून वास येत असेल तर स्वयंसेवकाचं काम वारा येतो त्या बाजूला थांबून लोकांना लांब ठेवणं, आत जाणं नव्हे. किटमधला लायटर तेव्हा खिशात नको, गाडीतच राहू द्या.

प्रथमोपचार पेटी पहिल्या वापरानंतर अर्धी रिकामी होते आणि तशीच राहते. भरून देण्याची जबाबदारी नावानिशी एकावर सोपवावी. आमची किमान यादी: चार त्रिकोणी पट्ट्या, १० आणि १५ सेंटिमीटर रुंदीच्या प्रत्येकी चार गुंडाळपट्ट्या, निर्जंतुक गॉजची दहा पाकिटं, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन, कात्री, ओआरएसची सहा पाकिटं आणि एक चांगलं टूर्निके, म्हणजे हातापायाचा रक्तस्राव थांबवायला आवळून बांधायचा पट्टा. टूर्निके जखमेच्या वर पाच-सात सेंटिमीटरवर, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, छोटं २०० मिलिलिटरमध्ये. दोन्ही बाजारात असतात आणि घाईत गल्लत होते, म्हणून एकाच मापाची पाकिटं घ्या. ती जखमींइतकीच स्वयंसेवकांसाठीही आहेत. रेनकोटच्या आत घाम पावसापेक्षा जास्त येतो.

जे पिशवीत मावत नाही

सलग काम बारा तासांपेक्षा जास्त नको. ढिगाऱ्यावर खणणाऱ्यांची वीस-तीस मिनिटांनी अदलाबदल करावी, नाहीतर तिसऱ्या तासाला सगळेच एकदम थकतात. बदलीची तुकडी घरी झोपलेली असली पाहिजे, घटनास्थळी उभी राहून बघत असता कामा नये. गर्दीत उत्साहाने सगळेच येतात आणि पहाटे ताजा माणूस एकही उरत नाही. हे प्रत्येक मोठ्या घटनेत दिसतं, आणि दोष उत्साहाचा नसतो, वेळापत्रक न करणाऱ्याचा असतो.

खाण्याचं म्हणाल तर वडापाव कुणीतरी आणतोच, पण तो चार तासांनी आणि तेही पुढे उभ्या असलेल्यांना. चिक्की, राजगिरा लाडू, खजूर, केळी पथकाच्या गाडीतच असावं. महिला स्वयंसेवकांसाठी कपडे बदलायची आडोशाची जागा, जवळचं स्वच्छतागृह कुठलं याची आधीच चौकशी आणि पेटीत सॅनिटरी पॅड. एवढ्याने मुली पथकात राहतात. याच्या अभावी त्या तास न् तास पाणी पीत नाहीत आणि पुढच्या वेळी येतही नाहीत.

घरी पोचवणं हा कामाचाच भाग धरा. मध्यरात्रीनंतर लोकल बंद होतात. दिवा, कळवा, घणसोली, पनवेलच्या मुलांना रात्रभर राबवून पहाटे चारला ‘जा आता’ म्हणणं बरोबर नाही, आणि त्या अवस्थेत दुचाकी चालवू देणं तर धोक्याचंच.

पगार हा न बोलला जाणारा विषय. आपदा मित्र वेतनावर नसतो. रोजंदारीवाल्याचा दिवस बुडतो, नोकरीवाल्याची रजा जाते. निदान ज्या कार्यालयाने बोलावलं त्याच्या सही-शिक्क्याचं पत्र दोन दिवसांत हातात मिळावं. त्यात तारीख, ठिकाण, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत हे तिन्ही हवं; नुसतं ‘सहकार्य केले’ लिहिलेलं पत्र मॅनेजरपुढे चालत नाही.

विमा हा या पॅकेजमधला चांगला भाग, पण मुदत तीनच वर्षं. २०२२ मध्ये सुरू झालेला विमा २०२५ मध्ये संपतो, आणि माणूस मात्र ओळखपत्र गळ्यात घालून पाण्यात उतरत राहतो. पथकाच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे विम्याची शेवटची तारीख लिहा. नूतनीकरणाबद्दल जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे लेखी विचारा, पोच घ्या. उत्तर येईपर्यंत त्या माणसाला नियंत्रण कक्षात, सामान वाटपात, नोंदणीत घ्या. घरच्यांनाही ही तारीख माहीत असावी.

मनावरच्या ताणाबद्दल एक जुनी पद्धत सोडायला हवी. मृतदेह काढल्यावर सगळ्यांना गोल बसवून ‘काय वाटलं ते सांगा’ अशी सक्तीची एकच बैठक घेतात. तिने फायदा होत नाही, काहींना त्रासच वाढतो, आणि जागतिक आरोग्य संघटनाही तशी बैठक घेऊ नका असंच सांगते. त्याऐवजी लगेच चहा, कोरडे कपडे, घरी झोप. दोन दिवसांनी पथकातल्या ओळखीच्या माणसाचा फोन. मग आठवड्याने, मग महिन्याने. झोप न लागणं, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येणं, चिडचिड, दारू वाढणं हे महिनाभर टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञ. त्याआधीही कुणी जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं तर वाट पाहायची नाही.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक (दुसरा १८००-८९१-४४१६) ओळखपत्राच्या मागे छापावा असं आम्ही आग्रहाने सांगू. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. आधी समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतो. कमतरता सेवेत कमी आणि आपल्या घरांत जास्त: एका खोलीत पाच माणसं असताना असा फोन करायचा कुठे? मंडळाची, शाखेची, शाळेची एखादी खोली संध्याकाळी तासभर रिकामी ठेवली तर प्रश्न सुटतो. पथकाच्या व्हॉट्सअॅप गटात मृतांचे फोटो टाकायला सक्त मनाई हवी. आणि रात्रभर निरोप येत राहतात म्हणून लोक गटाचा आवाज बंद करतात, मग खरं बोलावणंही दिसत नाही. बोलावण्यासाठी वेगळा गट ठेवा, त्यात फक्त पथकप्रमुखालाच लिहिता यावं.

बारा दिवसांत शिकलेलं किती टिकतं? सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबण्याचा, हात काही महिन्यांतच सैल पडतो. दर तीन महिन्यांनी दोन तास पुरेत: मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, शिवाय दोराच्या चार गाठी आणि एकदा पिशवी उघडून सामानाची तपासणी. दोन वर्षं कुणी बोलावलंच नाही म्हणून सुटणारे स्वयंसेवक, दमून सुटणाऱ्यांपेक्षा कमी नाहीत. गणेश विसर्जनाला पारसिक रेतीबंदर, कोलशेत यांसारख्या घाटांवर अग्निशमन दलाच्या हाताखाली काम दिलं तर जॅकेट, शिट्टी, दोर आणि माणूस, चारही वापरात राहतात.

पथक सोडणाऱ्याकडून सामान परत घेताना लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि टॉर्च घ्या, तपासा, पुढच्याला द्या. बूट, मोजे, गणवेश त्याच्याकडेच राहू दे. ओळखपत्र मात्र परत घेऊन रद्द करा, आणि का सोडतोयस हे त्याला विचारून उत्तर वहीत लिहा. ‘वेळ नाही’ एवढ्यावर थांबू नका. बूट, पत्र, विमा, घरी जायची सोय, रात्रीची झोप, यांतलं नक्की काय नडलं ते विचारा. तीच यादी पुढच्या मेमध्ये खरेदीच्या आणि पत्रव्यवहाराच्या कामाला येते.